मैदानातलं जुनं विमान कसं जपावं : रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडा

दरवर्षी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मला दोन-तीन फोन येतात. कधी शाळेतून, कधी कॉलेजमधून, कधी माजी सैनिकांच्या मंडळातून. प्रश्न ठरलेला : "२६ तारखेला कार्यक्रम आहे, विमानाला कोणता रंग लावू?" माझं उत्तरही ठरलेलं : कार्यक्रमाआधी घाईने कोणताच लावू नका.

निवृत्त विमान उन्हात उभं राहून जेवढं खराब होतं, त्याहून जास्त ते कार्यक्रमाआधीच्या चार दिवसांत खराब होतं. आमच्या भागातल्या एका मैदानावरचं लढाऊ विमान असंच धुण्याच्या सोड्याने धुतलं गेलं आणि त्यावर दारं-खिडक्यांचा ऑइलपेंट फासला गेला. होळीपर्यंत रंगाचे पापुद्रे हाताने निघायला लागले आणि खाली पांढरी भुकटी दिसली. ती भुकटी म्हणजे विमानाचाच पत्रा होता. पुढे आमच्या गटाने तिथे दोन हिवाळे काम केलं, तरी पंखाच्या मुळाशी गेलेला पत्रा परत आला नाही.

मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झालं. त्यामुळे हा प्रश्न आता आणखी गावांत येणार आहे. खालचे टप्पे मुख्यतः अशा धातूच्या लढाऊ आणि प्रशिक्षण विमानांसाठी आहेत. क्रम बदलू नका. बहुतेक नुकसान क्रम चुकल्यानेच होतं.

## आधी तयारी : खान्देशचं वेळापत्रक

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हातल्या पत्र्याला तेव्हा हात लावता येत नाही. रंग पसरायच्या आधीच वाळतो आणि पत्र्याला धरत नाही. पावसाळ्यात उलट, हवेतला ओलावा रंगाखाली अडकतो. म्हणून वर्षाची वाटणी अशी करा :

- आषाढ ते भाद्रपद : फक्त पाहणी. पाणी कुठून शिरतं आणि कुठे साचतं, ते पावसातच कळतं.
- दिवाळीनंतर होळीपर्यंत : धुणं, गंज काढणं, रंग.
- चैत्र-वैशाख : झाकणं, बांधणं आणि पायाची मापं. वळवाच्या वादळाआधी हे झालंच पाहिजे.

लागणारं सामान साधं आहे. सुती कापड, मऊ ब्रश, सौम्य साबण, लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी, धुळीचे चांगल्या प्रतीचे मास्क, हातमोजे, वही, टेप, गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी आणि नीट बांधलेली परांची. विमानाला शिडी टेकवायची नाही, आणि पंखावर तर चढायचंच नाही.

सामानापेक्षा माणसांचं आधी ठरवा. पाच-सहा जण पुरतात, पण त्यातला एक जण फक्त नोंदी ठेवणारा हवा. त्याच्या हातात ब्रश देऊ नका.

## टप्पा १ : कागद शोधा

विमान तुमच्या मैदानात आहे, म्हणून ते तुमचंच आहे असं नाही. ते ज्या पत्राने मिळालं ते पत्र शोधून काढा आणि त्यातल्या अटी वाचा. सुटे भाग काढणं, विकणं, जागा बदलणं, रंग बदलणं यांबद्दल त्यात काय लिहिलंय ते पाहा. मुख्याध्यापक बदलतात, कारकून बदलतात, फाइल कपाटाच्या वर जाते. ती खाली काढा आणि तिच्या दोन प्रती करा. काम सुरू करण्याआधी संस्थेची लेखी परवानगी घ्या.

## टप्पा २ : आत काय शिल्लक आहे ते तपासा

हा टप्पा लोक गाळतात, आणि जीव जाण्याची शक्यता याच टप्प्यात असते.

लढाऊ विमानाची खुर्ची ही नुसती खुर्ची नसते. वैमानिकाला बाहेर फेकण्यासाठी तिच्यात स्फोटक काडतुसं असतात. कॅनोपी म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण; ते उडवण्याची यंत्रणाही काही विमानांत स्फोटकांवर चालते. विमान देताना ही काडतुसं काढलेली असायला हवीत. "असायला हवीत" यावर विसंबून कॉकपिटमध्ये मूल बसवू नका. काढल्याची लेखी नोंद फाइलमध्ये आहे का, ते पाहा. नसेल तर कॉकपिट बंद ठेवा आणि जवळच्या हवाई दलाच्या तळाला लेखी विचारा.

दुसरी गोष्ट दाबाची. चाकांच्या पायांमधले शॉक स्ट्रट (धक्के झेलणारे दांडे), हायड्रॉलिकच्या टाक्या, अग्निशमनाच्या बाटल्या यांत वर्षानुवर्षं दाब टिकून राहू शकतो. त्यांचा एकही नट सोडू नका.

तिसरी, घड्याळांची. जुन्या विमानांच्या डायलवर अंधारात दिसावं म्हणून रेडियमयुक्त रंग लावलेला असू शकतो. तो चमकायचा थांबला तरी किरणोत्सर्ग थांबत नाही. रेडियम निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. डायलची काच फुटलेली असेल तर हात लावू नका, झाडू नका, घरी तर नेऊच नका.

आणि जिवंत रहिवासी : एअर इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या तोंडात) गांधीलमाश्या, पोटाखाली मोहोळ, चाकाच्या खोबणीत साप. आधी लांबून टॉर्चने बघा. मोहोळ असेल तर ते काढणाऱ्या माहितगार माणसाला बोलवा. धूर करायला विमानाखाली जाळ करायचा नाही. टाक्यांमध्ये इंधनाचा अंश असू शकतो. त्याच कारणाने विमानावर किंवा विमानाजवळ वेल्डिंग करायचं नाही.

पुढे जाण्याआधी : खुर्चीबद्दलचा कागद हातात आहे का? नसेल तर पुढची सगळी कामं बाहेरूनच.

## टप्पा ३ : हात लावण्याआधी नोंद

पहिले दोन दिवस फक्त फोटो. चारही बाजूंनी, मग प्रत्येक पॅनेल, मग प्रत्येक अक्षर. विमानाच्या अंगावर बारीक स्टेन्सिल असतात : कुठे पाय ठेवायचा, कुठे जॅक लावायचा, कोणतं तेल कुठे भरायचं. काही ठिकाणी रशियन अक्षरं असतात. पेंटरला ही सगळी अक्षरं "जुना मळ" वाटतात. एकदा झाकली की पुन्हा कुणालाच जागा सापडत नाही.

प्रत्येक स्टेन्सिलवर ट्रेसिंग पेपर ठेवून मऊ पेन्सिलीने उतरवून घ्या. कागदावर बाण काढून पुढची बाजू कोणती ते लिहा. जवळच्या दोन रिव्हेटच्या ओळींपासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा. शेपटीवरचा क्रमांक, भागांवरच्या धातूच्या पट्ट्या, पट्ट्यांवरचे ठोकलेले आकडे, सगळं वहीत. रंग उडालेल्या जागी खालचे जुने थर दिसतात. त्यांचेही फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून.

नेहमीची चूक : मोबाइलमध्ये फोटो काढून तिथेच ठेवणं. त्याच संध्याकाळी दोन वेगळ्या ठिकाणी उतरवा आणि फाइलच्या नावात बाजू, भाग, तारीख घाला.

## टप्पा ४ : जुन्या माणसांना आत्ता बोलवा, उद्घाटनाला नाही

मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते हे. निवृत्त हवाई सैनिकांना आपण नारळ फोडायला बोलावतो. तोवर सगळं रंगवून झालेलं असतं. त्यांना रंग उडालेलं, उघडं विमान दाखवा. माहिती तेव्हाच निघते.

आपल्याकडे अशी माणसं कमी नाहीत. चाळीसगाव, अमळनेर, पारोळा, शिरपूर, शहादा, कुठेही विचारा. कुणाचे तरी आबा, कुणाचे नाना एअरफ्रेम फिटर, इंजिन फिटर, आर्मामेंटवाले (शस्त्रांचं काम बघणारे) होते. शिवाय आग्रा रोडवरचं, नाशिकजवळचं ओझर लांब नाही. तिथला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठीच उभा राहिला, आणि हवाई दलाचा दुरुस्ती तळही तिथेच आहे. वैमानिकाच्या शोधात सगळे असतात. पण विमान ज्यांनी रोज उघडलं आणि मिटलं, त्या हातांना कुणी विचारत नाही.

आमच्याकडे असेच एक नाना आले. ऐंशीच्या पुढचे, डोळ्यांत मोतीबिंदू. नातवाचा हात धरून विमानापाशी आले, काठी नातवाकडे दिली आणि पोटाखाली वाकून पॅनेलवर बोटं फिरवायला लागले. आम्ही महिनाभर ज्याला साधा स्क्रू समजत होतो, त्यावर त्यांचं बोट थांबलं. अंगठ्याने दाबून पाव वळसा दिला तसं झाकण सुटलं. आत वाळकं गवत, दोन पिसं आणि एक धातूची पट्टी होती. तिच्यावरचा क्रमांक आमच्या वहीत नव्हता. नाना अहिराणीत म्हणाले, "हाई मन्हं काम शे." हे माझं काम आहे. एवढंच. मग बराच वेळ तिथेच बसून राहिले.

मुलाखत घेताना हे पाळा :

१. पहिला प्रश्न सालाचा विचारू नका. "कोणत्या साली भरती झालात?" म्हटलं की माणूस आकड्यांत अडकतो आणि चुकण्याच्या भीतीने आखडतो. "सकाळी विमानापाशी आल्यावर आधी काय बघायचात?" असं विचारा. हत्याराचं नाव विचारा, तेलाचा वास विचारा, हात कुठे भाजायचा ते विचारा.

२. अहिराणीत बोलत असतील तर बोलू द्या. लिहून काढतानाही अहिराणीतच लिहा. प्रमाण मराठीचं रूप हवं असेल तर खाली वेगळं द्या.

३. कूलर आणि पंखा बंद. ऐकताना आपल्याला त्यांचा आवाज जाणवत नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये शब्द गिळतो. उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाला पंख्याविना बसवू नका. मुलाखत हिवाळ्यात किंवा अगदी सकाळी ठेवा. कॉलरला लावायचा छोटा माइक घ्या. दर ४० मिनिटांनी थांबा, चहा घ्या.

४. सालं नंतर ताडून पाहा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, फोटोमागची तारीख. आठवण आणि कागद जुळले नाहीत तर दोन्ही लिहा, कुणाचंच खोडू नका.

५. अल्बममध्ये चिकटवलेले फोटो ओढून काढू नका. पान सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता वरून सरळ फोटो घ्या. सुटे फोटो निदान ६०० डीपीआयवर स्कॅन करा. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

६. लेखी संमती घ्या. सेवा क्रमांक, पत्ता, पेन्शनची माहिती कुठेही प्रसिद्ध करू नका. तळांच्या आजच्या रचनेबद्दल विचारू नका. सांगितलं तरी ठेवू नका.

मूळ फोटो आणि कागद त्याच भेटीत परत द्या. "स्कॅन करून आणून देतो" म्हणून नेलेले अल्बम परत आले नाहीत, ही तक्रार मी फार घरांत ऐकली आहे. अशा घरात पुन्हा कुणाला दार उघडलं जात नाही.

## टप्पा ५ : जमीन आणि पाया

खान्देशातली काळी कापसाची जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पावसात फुगते. तीन चाकांखाली तीन सुटे ओटे बांधले तर तिन्ही वेगवेगळे हलतात. विमान तिरकं होतं, पाणी निचऱ्याच्या उलट बाजूला साचतं आणि एका पायावर जास्त भार येतो. नवा पाया करायचा तर काळी माती काढून मुरूम भरायचा आणि तिन्ही ठिकाणं एकत्र बांधणारा सलग स्लॅब घ्यायचा. खोली स्थापत्य अभियंत्याने ठरवायची. विमान खांबावर तिरकं बसवायचं असेल तर वाऱ्याचा जोर आणि वीजरोधक यांचं कामही त्याच्याचकडे द्यायचं.

पाया आधीच झालेला असेल तर वर्षातून दोनदा लेव्हल नळीने तिन्ही ओट्यांची उंची मोजा : वैशाखाच्या शेवटी आणि भाद्रपदात. दोन नोंदींत बोटभर फरक दिसला तर आधी तिकडे लक्ष द्या.

टायर कधीच पूर्ण भाराखाली ठेवू नका. जॅकच्या खुणांपाशी स्टँड लावून भार उचलला पाहिजे, पण हे काम माहितगाराच्या देखरेखीखालीच. लोखंडी स्टँड आणि विमानाचा पत्रा यांमध्ये रबराची जाड पट्टी हवी. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं. गंजलेला बोल्ट बदलताना बाजारातला साधा लोखंडी बोल्ट ठोकण्याची चूक यामुळेच महागात पडते.

## टप्पा ६ : पाण्याची वाट मोकळी करा

विमानाच्या पोटाखाली आणि पंखांच्या खालच्या बाजूला निचऱ्याची छोटी भोकं असतात. पेंटर ती पुट्टीने बुजवतो, कारण त्याला तो दोष वाटतो. मग आत साचलेलं पाणी पत्रा आतून खातं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

भोकं बांबूच्या काडीने मोकळी करा, खिळ्याने नाही. पारव्यांची घरटी आणि विष्ठा आधी ओली करा, मगच काढा. मास्क लावा, वाळकी विष्ठा झाडू नका. अंडी किंवा पिल्लं असतील तर थांबा. सगळं निघाल्यावर इनटेक आणि मागचं नळकांडं यांना बारीक जाळी लावा. जाळी दोरीने किंवा आतून ताणलेल्या चौकटीने बसवा, पत्र्याला भोक पाडून नाही. हेच दिवाळीच्या आणि राष्ट्रीय सणांच्या रोषणाईलाही लागू आहे.

तपासणी : वरच्या खाचेत तांब्याभर पाणी ओता. खालून थोड्या वेळात ठिबकलं पाहिजे. नाही ठिबकलं तर पुढचा टप्पा सुरू करू नका.

## टप्पा ७ : धुणं

धुण्याचा सोडा, कॉस्टिक, संडास साफ करायचं अ‍ॅसिड, तिन्ही बंद. अ‍ॅल्युमिनियमला तीव्र आम्ल चालत नाही आणि तीव्र अल्कलीही चालत नाही. गाडी धुण्याच्या सेंटरवरचं प्रेशर मशीनही नको. ते पाणी रिव्हेटच्या फटींत घुसवतं.

सौम्य साबणाचं पाणी खालून वर लावत जा, म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत. धुऊन काढताना मात्र वरून खाली या. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे, वाळल्यावर क्षार मागे राहतात. शेवटचं पाणी आरओच्या जारचं घ्या आणि लगेच कापडाने टिपा. एका ठिकाणी पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूने आरओ प्लँटचं टाकाऊ पाणी वापरलं गेलं. त्यात क्षार आणखी जास्त असतात, तेवढं मात्र कधी करू नका.

कॅनोपी काचेची नसते, अ‍ॅक्रिलिकची असते. पेट्रोल, थिनर, अमोनिया असलेला काच-क्लीनर लागला की तिच्यात बारीक तडे जातात आणि ते परत भरत नाहीत. भरपूर पाणी सोडा, उघड्या तळहाताने धूळ हलकेच सरकवा, हाताला खडा लागला तर तिथेच थांबून पुन्हा पाणी सोडा. अंगठी आणि घड्याळ आधी काढून ठेवा. कोरड्या कापडाने कधीच पुसू नका. नंतर हवा खेळेल असं पांढरं सुती आवरण घाला. प्लॅस्टिकची ताडपत्री आत वाफ धरते.

## टप्पा ८ : गंज

पांढरी भुकटी दिसली तर प्लॅस्टिकच्या पट्टीने आणि ओल्या नायलॉन घासणीने काढा. तारेचा ब्रश, भांड्यांची तारेची घासणी बाद. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच नवा गंज सुरू होतो.

जुना पिवळट-हिरवट प्रायमर बहुधा क्रोमेटचा असतो, आणि क्रोमेटने कर्करोग होऊ शकतो. तो कोरडा घासायचा नाही. ओला ठेवूनच घासा, मास्क आणि मोजे घालून, आणि निघालेला गाळ मैदानातल्या गटारात सोडू नका. बंद डब्यात भरून ठेवा. शाळेच्या मुलांना श्रमदान म्हणून या कामाला लावू नका. फोटो आणि ट्रेसिंग त्यांच्याकडे द्या.

पत्रा खारी बिस्किटासारखा थराथरांत सुटलेला दिसला तर तिथे घासणं थांबवा. तो भाग आतून गेलेला आहे, त्याला जाणकाराचा सल्ला लागतो. चाकांच्या रिमसारखे काही भाग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असू शकतात. त्यांना ग्राइंडर लावू नका. त्याची भुकटी पेटते आणि पाण्याने विझत नाही, उलट भडकते.

## टप्पा ९ : आता रंग

डिसेंबर-जानेवारीत तापीकाठी सकाळी दव पडतं. पत्रा हाताला पूर्ण कोरडा लागेपर्यंत थांबा, साधारण दहाला सुरू करा, तीन-साडेतीनला बंद करा. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर थेट ऑइलपेंट धरत नाही. आधी अ‍ॅल्युमिनियमसाठीचा एच (etch) प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर, मग पॉलियुरेथेन. दोन डब्यांचा पॉलियुरेथेन स्प्रेने मारला तर त्यातली आयसोसायनेट श्वासात जातात, साध्या मास्कने ती अडत नाहीत. हौशी गटाने ब्रश-रोलरच वापरावा, स्प्रे योग्य सामग्री असलेल्या कारागिराकडे द्यावा.

संपूर्ण विमान खरवडू नका. जुना रंग घट्ट असेल तिथे तो राहू द्या. एक हातभर जागा, स्टेन्सिलसकट, जुन्या रंगातच राखून ठेवा आणि कुठे राखली ते वहीत लिहा.

हवाई दलाच्या खुणेचं गोल चक्र रंगवताना बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. मी उलटं रंगवलेलं चक्र पाहिलं आहे, आणि ते वर्षभर तसंच होतं. माप आणि जागा टप्पा ३ मधल्या वहीतूनच घ्या. मंडळाचं नाव, देणगीदाराचं नाव विमानावर लिहायचं नाही. त्यासाठी खाली पाटी लावा.

रंगाच्या दिवशीची तपासणी : निचऱ्याची भोकं, हलणारे जोड आणि धातूच्या क्रमांक-पट्ट्या चिकटपट्टीने झाकल्या का? संध्याकाळी चिकटपट्टी काढली का? ती राहिली तर पुढच्या पावसात तीच भोकं बंद असतील.

## वर्षभर

वळवाच्या वादळाआधी रडर (शेपटीवरची हलती पट्टी) आणि एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) हलणार नाहीत असे लाकडी ठोकळे आणि कापडाच्या पट्ट्यांनी बांधा. मोकळं राहिलेलं रडर एका वादळात बिजागरीतून निघतं. नाकासमोरच्या लांब पिटोट नळीला (वेग मोजणाऱ्या नळीला) मुलं लोंबकळतात. तिच्याभोवती कुंपण घ्या आणि टोकाला लाल कापड बांधा.

पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी एक फेरी मारा. निचरा, कॉकपिटमधला ओलावा, टायरखालची माती, एवढं बघायला अर्धा तास लागतो. तारीख टाकून वहीत लिहा. वही संस्थेच्या कपाटात नाही, तर दोन माणसांच्या घरी ठेवा, एक-एक प्रत. त्यातली एक जिथे नानांसारखं कुणी असेल त्या घरी.